लीव्ह म्हणजे रजा

वडखळ नाक्यावर टेम्पो चहाला थांबला, तेव्हा बाबा आईला म्हणाले, "रोह्याला कंपनी हाय. आता मिठागरात पाय कुजवायला नकोत." मी तेव्हा आठवीत होते. तुम्ही सगळे गावकरी नाक्यापर्यंत पोचवायला आला होतात, डोळेही पुसलेत. आता गावाची स्मरणिका निघतेय, "दोन गोड शब्द लिहा ताई" असा निरोप आलाय. लिहिते, पण गोड मात्र मागू नका.

रोह्यात एक खोली, सामायिक नळ आणि बाबांच्या शिफ्टा. त्यांनी दोन वर्षं टेंपररी म्हणून काढली. पुढल्या महिन्यात परमनंट व्हायची पाळी होती, आणि नेमका तेव्हाच उधाणाने खाडीचा बांध फोडला. काकांनी, बाबांच्या सख्ख्या भावाने, निरोप धाडला, "बांध घालायला घरटी एक माणूस पायजे. नाय आला त्याला वाडीत जागा नाय."

रजेचा अर्ज इंग्रजीत लागायचा. मी दहावीत, म्हणजे घरातली पंडिता! डिक्शनरी काढली. लीव्ह : रजा, सोडून जाणे, मागे ठेवणे, राहू देणे. एवढ्याशा शब्दाला इतके धंदे कशाला हवेत? मी पहिला अर्थ उचलला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'आय लीव्ह कंपनी फ्रॉम मंडे. काइंडली ग्रँट.' बाबांनी खाली मराठीत सही ठोकली आणि तो कागद शेजाऱ्यांनाही दाखवून आले.

चार दिवस ते तुमच्याबरोबर चिखलात उभे राहिले. पाचव्या दिवशी गेटवर त्यांना आत सोडलं नाही. साहेब म्हणाला, "तुम्हीच लिहून दिलंय की, कंपनी सोडतो म्हणून." साहेब मराठीच होता हो! रोज बाबांना "काय, जेवलात का?" विचारणारा. "रजा हवीय का?" एवढं विचारायला त्याची जीभ झडली नसती. पण एक परमनंट कमी होत होता ना. मेल्याला सगळं कळलं होतं. आजही त्याचं तोंड आठवलं की माझं डोकं फिरतं.

आणि तुम्ही? बांध बांधून झाला होता, तुमची शेतं वाचली होती. पारावर हसलात, "शिकलेल्या पोरीनं बापसाला सोडवलं!" काका सगळ्यात मोठ्याने हसले. बाबा एवढंच म्हणाले, "अक्षर चांगलं हाय पोरीचं." पण त्यानंतर त्यांनी मला कधीच काही लिहायला सांगितलं नाही. साधा रेशनचा फॉर्मसुद्धा शेजाऱ्याकडून भरून आणायचे. मी समोर बसलेली असायचे. ते मला कसं लागायचं, ते कोणाला सांगू?

मग आम्ही पुण्याला आलो. बाबांनी सोसायटीत वॉचमनकी केली. गुडघे गेल्यावर एकदा हट्टाने म्हणाले, "गावाला ने." नेलं. निघताना मी काकूला मुद्दाम म्हटलं, "जाते."

"जाते नाय म्हणू गो, येते म्हण," ती कळवळली.

मी नाही म्हटलं. चपला घालून सरळ रस्त्याला लागले. मागून बाबांचा आवाज आला, काकांना सांगत होते, "येतो रे." असा राग आला त्यांचा! जिथे लोक आपल्यावर हसले, तिथे परत यायचं म्हणतो हा माणूस? पण ते खरंच सांगत होते. त्यांना अजून घर होतं. मला नव्हतं, 'आय लीव्ह' असं मी माझ्याच अक्षरात लिहून दिलं होतं.