त्याच्या आजाराला माणसं कळायची

"तुमच्यात असल्या गोष्टींचा एवढा बाऊ कधीपासून व्हायला लागला?"

हे वहिनी म्हणाल्या. मोगऱ्याच्या वाडीच्या मालकीणबाई, जिथे मी रोजावर फुलं तोडायची. ओटीवर खुर्चीत बसून. मी खाली अंगणात उभी, ओच्यात मोगऱ्याच्या कळ्या. त्यांच्या धाकट्या दिराने पंपाच्या खोलीत मला मागून धरलं होतं. हाताला चावले, सुटले, आणि तशीच येऊन सांगितलं.

मग आवाज मऊ झाला. "भाऊजींचं मन ठिकाणावर नाही गं. नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली. लहानपणी वडील पट्ट्याने फोडून काढायचे त्यांना. डॉक्टर म्हणाले, यातून होतं असं. तू समजून घे."

घेतलं समजून. काय करणार? नवरा मिठागरात पाय सडवून घरी बसलेला. तेव्हा बिल्डर एकेक वाडी गिळत होते, दुसरीकडे काम कुठलं! मला वाटायचं, माझ्यातच काही खोट असेल. विहिरीत उडी घ्यावी असंही वाटलं. खरं सांगते.

गणपतीत वहिनींच्या बहिणी आल्या. दोघी तरण्याताठ्या. हाच माणूस त्यांच्यापुढे मान खाली घालून, "ताई, पाणी देऊ?" त्या वाडीभर एकट्या हिंडल्या, पंपाच्या खोलीतही गेल्या. काही झालं नाही. मी बघतच राहिले. मेल्याच्या आजाराला माणसं कळत होती! कोण वहिनींची बहीण, कोण रोजावरची, बरोब्बर कळत होतं. बापाचा मार खरा असेल, मनही खचलं असेल. माझ्या नवऱ्यानेही लहानपणी कमी मार खाल्ला नाही. त्याने कधी कुणा बाईला धरलं नाही.

दिवाळीनंतर कामाला एक नवी सून आली, आमच्याच पाड्यातली. वहिनींनी मला बोलावलं. "हिला भाऊजींचं जरा समजावून सांग. तुझं ऐकेल."

अंगाची आग झाली. म्हणजे आता मीच तिला तयार करायची?

"नाय सांगनार," मी ओरडले. सगळ्या बाया ऐकत होत्या. "आजारी हाय ना, मग औषद त्याला पाजा. आमाला कशाला पाजता?"

"उद्यापासून येऊ नकोस."

त्या सुनेचा हात धरला आणि सरळ पोलीस चौकीत गेले. हवालदाराने विचारलं, "साक्षीदार कोण?" तक्रार घेतलीच नाही. दोघींचं काम सुटलं. घरात तांदूळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी परत चौकीत जाऊन बसले. त्याचं मन का बिघडलं ते डॉक्टरने बघावं. हात कुणी टाकला ते मी सांगणार. त्याचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत, मरेपर्यंत.