परक्या बोटांना हार

माझी बायको साठी उलटल्यावर मॉडेल झाली. ती गेली तेव्हा तिचा चेहरा बंगळुरातल्या रस्त्यारस्त्यांवर टांगलेला होता आणि घरात हार घालायला एक फोटो नव्हता. त्या एका फोटोपायी मी आणि लेकीनं वर्ष काढलं.

मी बस चालवायचो, कारखान्याची. शिक्षण सातवी, तेही कन्नड शाळेत. आमची माणसं या गावात इतक्या पिढ्या आहेत की मराठी घरात बोलायची आणि दारातून बाहेर पडताना चपलेबरोबर कन्नड घालायची, अशीच सवय. बायकोचं तोंड मात्र दोन्ही भाषांत सारखं चालायचं.

लेक व्हाइटफील्डला राहते, मोठ्या बिल्डिंगमध्ये. तिच्या मजल्यावरची एक बाई जाहिरातींना माणसं शोधून देते. गणपतीत माझी बायको आरतीचं ताट घेऊन लिफ्टमधून बाहेर आली, तिला पाहून ती बाई तिथंच म्हणाली, "आंटी, तुमचा चेहरा अगदी आजीचा आहे."

बायको म्हणाली, "मग कुणाचा असणार?"

एका साडीच्या दुकानाला आजी हवी होती. केस न रंगवलेली, खरीखुरी. जावई पुण्याचा, संशयी. तो म्हणाला, फसवाफसवी असेल. मी म्हणालो, या वयात हिला फसवून कोण काय नेणार. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि बोलावलेल्या दिवशी नेसून तयार. मला म्हणाली, "तुम्ही पण चला. नाहीतर लोक म्हणतील म्हातारी एकटीच हुंदडते."

तेव्हापासून तिचं काम असलं की मी पिशवी घेऊन बरोबर. पिशवीत पाण्याची बाटली, तिच्या बीपीच्या गोळ्या आणि चकलीचा डबा.

स्टुडिओ म्हणजे मला राजवाडा वाटला होता. कोरमंगलाच्या एका गल्लीत पत्र्याचं गोदाम निघालं. आत एक कोपरा तेवढा पांढरा रंगवलेला, बाकी सगळीकडे वायरी आणि खोकी. त्या कोपऱ्यात उभं राहिलं की माणूस राजवाड्यात आहे असं फोटोत दिसतं.

आणि कपडे. ते तर मापाचे नसतातच. एकच ब्लाऊज आज हिला, उद्या दुसरीला. ढिला पडला की मागून गोळा करायचा आणि काळे चिमटे लावायचे, कागदांच्या गठ्ठ्याला लावतात तसले. पुढून बघावं तर अंगावर बेतून शिवल्यासारखा. मागून बघावं तर पाठीच्या कण्यावरून चिमट्यांची रांग. सगळे पुढं उभे असायचे, कॅमेरावाली, दिवेवाले, दुकानाचे मालक. मी मागं खुर्चीवर. त्यामुळं माझ्या वाट्याला कायम चिमटेच आले.

एकदा घरी येताना मेट्रोत एक मुलगी हळूच म्हणाली, "आंटी, मागं एक क्लिप राहिलीय." बायको म्हणाली, "राहू दे गं. आमचे हे त्याला धरून उभे राहतात. गर्दीत हरवत नाहीत." तो चिमटा हल्ली मी कॉफीपुडीच्या पाकिटाला लावतो. वास टिकतो.

तिथं उंच उंच पोरी असायच्या, खऱ्या मॉडेल. पहिल्या दिवशी मी बोलून गेलो, उभं राहणं हे काय काम आहे? एका पोरीनं ते ऐकलं. तिनं आपले जोडे काढून माझ्यापुढं ठेवले. टाच वीतभर. "घालून बघा, ताता." ताता म्हणजे कन्नडात आजोबा. मी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि परत दिले. त्यानंतर नीट बघायला लागलो. कॅमेरा वर गेला की पोरीच्या तोंडावर दिवाळी. खाली आला की ती भिंतीला टेकून पोटऱ्या चोळते. पुन्हा वर, पुन्हा दिवाळी. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. मी इतकी वर्षं बस चालवली, पण मला निदान तोंड वाकडं करायची मोकळीक होती.

फोटो होईस्तोवर त्या पोरी खायच्या नाहीत. पोट दिसतं म्हणे. बायकोला ते बघवायचं नाही. "अगं, पोट नसलेलं माणूस कुठं असतं का?" असं म्हणून ती डबा उघडायची. तिघींत मिळून एक चकली खायच्या, उंदरासारखी कुरतडून. काम संपलं की मात्र डबा पुसून परत. त्या सगळ्या तिला अज्जी म्हणायच्या आणि ती त्यांना रोड्या म्हणायची.

एकदा मासिकाचं काम आलं. या पोरी भोवती उभ्या आणि मधे खुर्चीत ही. दुकानाच्या जाहिरातीत हसायचं असतं, मासिकात हसायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. का ते अजून कळलेलं नाही. हिला काही न हसता बसवेना. कॅमेरावाली म्हणाली, "अज्जी, काहीतरी दुःखाचं आठवा."

"सरी, चालेल," बायको म्हणाली, "मी ह्यांच्याकडे बघते."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि फोटो झकास आला. ते मासिक लेकीकडे आहे. त्यात बायको रागावलेल्या महाराणीसारखी दिसते. तसला फोटो भिंतीवर लावला तर मला दूध उतू घालायची भीती वाटेल.

आता जाहिरातीतल्या नवऱ्याबद्दल सांगतो. आजी आली की आजोबा लागतोच. बँकेतून रिटायर झालेला एक कन्नड माणूस त्या कामाला यायचा, उंच, गोरा, पांढऱ्या मिशांचा. माझ्यासारखा काळा, बुटका, कानटोपीवाला आजोबा कुठल्या दुकानाला नको असतो. बायको मला चिडवायची. त्याची ओळख करून देताना म्हणाली, "हे आमचे कोरमंगलाचे मालक." आणि त्याला माझ्याकडे बोट दाखवून, "हे घरचे."

माणूस सज्जन. फोटोसाठी हात धरायचा असला तरी दर वेळी विचारायचा, "अक्का, धरू का?" ती म्हणायची, "धरा, पण पिरगाळू नका." मी तेवढ्या वेळात कॉफी आणायला जायचो. जळायचो असं नाही. पण बघत बसायचं काय त्यात?

साडीच्या दुकानाचा दिवाळीचा मोठा फोटो त्याच्याबरोबरच निघाला. ही झोपाळ्यावर बसलेली, तो मागं उभा, त्याचा हात हिच्या खांद्यावर, आणि ही मान वर करून हसतेय. मारतहळ्ळीच्या पुलापाशी तो फोटो दुमजली घराएवढा लागला होता. आम्ही दोघं रिक्षानं मुद्दाम बघायला गेलो. रिक्षावाल्यानं एकदा वर बघितलं, एकदा मागं वळून तिच्याकडे बघितलं आणि हात जोडले. ती घरी येईपर्यंत गप्प होती. तिच्यासाठी ते फार झालं.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. सकाळी पोळ्या करताना खाली बसली, ती उठली नाही.

तेराव्याला फोटो हवा. आम्ही घर पालथं घातलं. लग्नाचा होता, त्यात तिची मान इतकी खाली की नुसती मुंडावळी दिसते. आधार कार्डावरचा होता, तो बघून कुणीही म्हणेल की चोरी केली असणार. लेकीच्या फोनमध्ये नातवंडंच नातवंडं, कारण फोटो काढायला फोन हिच्याच हातात असायचा. लेक रडायला लागली. शेवटी म्हणाली, "अण्णा, साडीवाला घेऊ. तिचा तोच छान आहे."

लेकीनं घाईघाईत आजोबाला कापून टाकलं, मोठा करून आणला, चौकटीत बसवला. आम्ही चंदनाच्या सालपटांचा हार घातला, उदबत्ती लावली. डोळ्यांत पाणी असलं की माणूस फोटोत काय बघतो? फक्त चेहरा. माझी मेहुणी तेवढी जवळ जाऊन म्हणाली, "भावोजी, फोटोत तुमचा हात किती गोरा आलाय."

मला काही कळलं नाही. मला वाटलं, दुःखात बोलतेय.

तेवढ्यात तो जाहिरातीतला नवरा आला. चपला काढल्या, फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले. उघडले आणि मग बघतच राहिला. जरा वेळानं माझ्याजवळ येऊन कानात म्हणाला, "अण्णा, राग मानू नका. ती चार बोटं माझी आहेत."

मी बघितलं. बायकोच्या खांद्यावर चार गोरी बोटं, वर हार.

"आणि मी अजून आहे," तो म्हणाला. "घरी बायकोला कळलं तर ती घरात घेणार नाही. आधी आंघोळ करून या म्हणेल."

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही चार बोटांना घातला होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे, आणि आम्ही दोघं हसायला लागलो. तेराव्याला, भरल्या घरात. हसू आवरेना. लेक स्वयंपाकघरातून धावत आली आणि आम्हाला बघून तशीच परत गेली. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो तो असा, तिच्या खोट्या नवऱ्याच्या गळ्यात पडून.

हार काढला. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. भिंत तशीच राहिली.

महिने गेले. लेक म्हणायची, "अण्णा, बोटं कॉम्प्युटरवर पुसून देतात." मी नको म्हणायचो. का ते मला धड सांगता यायचं नाही. ते हसू त्याच्याकडे बघून हसलेलं होतं, आणि बोटं पुसून ते माझं होणार नव्हतं. मला तिचं एक तरी हसू हवं होतं, मला ओळखणारं. मग फोटो कितीही वाईट असू दे.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा मी त्या माणसालाच फोन केला आणि हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अण्णा, झोपाळ्याचा फोटो होता त्या दिवशी मी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. उशिरा आलो. तोवर माझ्या जागी कोण उभं होतं, आठवतंय का?"

आठवलं. दिवे लावताना कुणीतरी जागेवर उभं राहावं लागतं, सावली कुठं पडते ते बघायला. कोणीही चालतं, खुंटीसारखं. त्या दिवशी मला उभं केलं होतं. ते फोटो असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खुंटीचा फोटो कोण काढतं?

दुसऱ्या दिवशी मी कोरमंगलाला. कॅमेरावाल्या पोरीनं मला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरमध्ये शोधायला बसली. बराच वेळ लागला. मग पडदा माझ्याकडे फिरवला.

ही झोपाळ्यावर, साडी, दागिने, सगळं तेच. मागं मी. तपकिरी स्वेटर, कानटोपी, तोंड उघडं. माझा हात तिच्या खांद्यावर आणि ती मान मागं टाकून हसतेय, दात सगळे बाहेर, डोळे मिटलेले.

ती का हसली ते मला चांगलं ठाऊक आहे. पोरीनं मला सांगितलं होतं, खांद्यावर हात ठेवा. चारचौघांत मी कधी तसा ठेवला नव्हता. तव्याला लावावा तसा लावला. ती म्हणाली, "ठेवा की नीट. विस्तव नाही मी." म्हणून नीट ठेवला, तर बोटं मागच्या चिमट्याला लागली. मी म्हणालो, "अगं, तुला तर वाळत घातलंय."

पोर म्हणाली, "नंतर आम्ही अज्जीकडे हेच हसू मागत राहिलो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. पोस्टरवर आहे ते त्यातलं जरा जवळचं." मग म्हणाली, "हार घालायला हवाय ना? तुम्हाला काढून टाकते, ताता. मागं भिंत भरते."

तिनं दोनचार वेळा बोट दाबलं आणि मी गेलो. नुसती ही राहिली, रिकाम्या भिंतीकडे मान टाकून एकटीच खदखदा हसणारी. वेड लागल्यासारखी.

मी म्हणालो, "मला परत घाल."

लेकीला चौकट दाखवली तेव्हा ती आधी हसली, मग रडली, मग काळजीत पडली. "अण्णा, याला हार कसा घालायचा? तुम्ही आहात यात."

"मग घालू नका."

"लोक काय म्हणतील? आईला हार नाही म्हणून?"

"लोकांना सांग, वाट बघतोय. दोघांचा एकदमच घाला."

ती माझ्यावर चिडली आणि दोन दिवस बोलली नाही. भटजींना विचारून आली. ते म्हणाले, श्राद्धाला पिंड लागतो, फोटो लागत नाही, फोटोचं तुमचं तुम्ही बघा.

श्राद्ध झालं. पानं उचलली, माणसं गेली. लेकीनं एक शेवंतीचं फूल आणलं आणि चौकटीच्या वरच्या कडेला ठेवलं, मोजून आईच्या बाजूला. पंखा चालू होता. फूल जरा हललं, घसरलं आणि माझ्या कानटोपीवर येऊन थांबलं. ती लगबगीनं ते उचलायला पुढं झाली.

"असू दे," मी म्हणालो. "स्वल्प सरकलंय, एवढंच."