शेपटीचे दोनशे चौऱ्याऐंशी फूट

बुधवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सांधेताई पाचव्या रिळाच्या मध्यावर पोचल्या होत्या. डाव्या हाताच्या चिमटीतून फिल्मची कड सरकत होती, उजवा हात हँडल फिरवत होता आणि डोळे समोरच्या कोऱ्या भिंतीवर होते. फिल्म तपासणारा माणूस फिल्मकडे फार कमी बघतो. फाटलेलं भोक, सुटत आलेली जोड हे पातळ सुती हातमोज्यातून बोटालाच आधी कळतं. बोट थांबलं की डोळ्यांनी खाली यायचं.

फिल्मचे दोन तुकडे चिकटवतात त्या जागेला सांधा म्हणतात. चित्रपटांच्या या संग्रहालयात ताईंनी एकतीस वर्षं सांधे तपासले आणि नवे घातले, म्हणून हे नाव. फाटकावरच्या पहारेकऱ्याचा अजून समज आहे की बाई हाडांच्या डॉक्टर आहेत. थंडी पडली की तो गुडघा दाखवायला येतो. ताई चष्मा वर करून नीट बघतात, "जिना कमी चढ" म्हणतात आणि पुन्हा टेबलाशी बसतात. साठाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. या चार चित्रपटांसाठी त्यांना परत बोलावून घेतलं, त्यालाही आता दोन वर्षं होत आली.

हे चार चित्रपट म्हणजे पिंगळीचे. पिंगळी ही पुस्तकातली मुलगी, बारा वर्षांची, घुबडासारख्या गोल डोळ्यांची. गल्लीतल्या चोऱ्या, हरवलेली माणसं, खोटी मृत्युपत्रं, सगळ्यांचा छडा लावणारी. एकूण चौदा पुस्तकं निघाली आणि ती वाचून एका पिढीतल्या मुलींनी शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावून मार खाल्ला. तिच्यामागे कायम तिची मैत्रीण असे, धापा टाकत. तिचं नाव शेपूट. शेपटीचं काम "बाई गं!" म्हणायचं आणि पडायचं. चौदा पुस्तकांत फक्त एकदा, पहिल्याच पुस्तकात, सुगावा शेपटीला लागतो. घड्याळजीच्या दुकानात सगळी घड्याळं बंद असतात आणि एकाला कोणीतरी किल्ली दिलेली असते. ते तिला ऐकू येतं.

पहिला चित्रपट निघाला तेव्हा सांधेताई अकरा वर्षांच्या होत्या आणि शेपटीचं काम त्यांनी केलं होतं. पिंगळी होती निर्मात्याची मुलगी. चित्रपटाचे संपादक होते ताईंचे सख्खे मामा. त्यांनीच भाचीला पुढे केलं होतं.

चित्रपट लागला तेव्हा मामाने वर्गासाठी पास दिले, तेहतीस. तेहतीस मुली रांगेने थिएटरात गेल्या. पडद्यावर शेपूट चार वेळा दिसली, दोनदा पाठमोरी. घड्याळजीचं दुकान आलंच नाही. पिंगळी जिन्यात मध्येच थांबली, "घड्याळ!" म्हणाली आणि चोर सापडला. तिला कसं कळलं ते प्रेक्षकांना कळलं नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "तुझं ते मोठं काम कुठंय गं?" बाहेर पडेपर्यंत 'थापाडी' हे नाव पक्कं झालं होतं.

तीन दिवस मुलगी जेवली नाही. तिसऱ्या संध्याकाळी मामा आला, तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "शेपटे, तुझा तुकडा लॅबमध्ये जळला. आग लागली होती. मी स्वतः हात घातला, पण नाही वाचला." हाताला पट्टीही होती. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात हे सांगितलं. वर्ग पोट धरधरून हसला. पण तिला आता वर्गाची पर्वा नव्हती. त्या सुट्टीत मामा तिला संपादनाच्या खोलीत घेऊन गेला. फिल्म कशी धरायची, पात्याने कशी खरवडायची, सांध्याला सिमेंटचं, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवाचं, एकच बोट कसं लावायचं, हे सगळं त्यानेच शिकवलं. पुढचं आयुष्य त्यातूनच निघालं. आपला तुकडा जळला, आता दुसऱ्या कोणाचा जळू द्यायचा नाही. शाळेच्या सहली संग्रहालय बघायला येत, त्यांना ताई हे सांगत. मुलं गप्प होत, त्यांच्या बाई डोळे पुसत.

मागच्या वर्षी एका सहलीत पुढे बसलेल्या मुलीने हात वर केला. "तुम्ही आत्ताच म्हणालात की फार जुनी फिल्म भडकन पेटायची, पण नंतरची तशी पेटत नाही. मग तुमची कशी जळली?"

"तेव्हाचं वेगळं होतं," ताई म्हणाल्या आणि पुढच्या कपाटाकडे वळल्या.

तेव्हाचं काही वेगळं नव्हतं. त्या वर्षीची फिल्म न पेटणारीच होती. आच लागली तर ती वितळते, सुरकुतते, पण आग धरत नाही. इतरांच्या हजारो डब्यांवर ताईंनी ही माहिती स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. स्वतःच्या गोष्टीला त्यांनी ती कधी लावली नाही.

तर, नऊ चाळीस. बोट थांबलं. ताईंनी खाली बघितलं. जिन्यातला पिंगळीचा प्रसंग होता आणि त्यात एक सांधा. तिरका खरवडलेला, सिमेंटचा एक ठिपका कडेबाहेर आलेला. मामा डावखुरा. त्याचा सांधा हजारात ओळखू येतो. कडेवर फुटाफुटाला छापलेला आकडा ताईंनी भिंगाखाली वाचला. कुठे करपलेलं नव्हतं, वितळलेलं नव्हतं. स्वच्छ कापलेलं होतं.

हे निगेटिव्ह निर्मात्याच्या घरच्या तळघरातून आलं होतं, एक्केचाळीस डबे. त्यांतला एक छोटा डबा बिननंबरी होता, म्हणून ताईंनी तो शेवटी ठेवला होता. त्यांनी तो आता उघडला. आत दोन गुंडाळ्या, एक चित्राची आणि एक आवाजाची. वर चिठ्ठी. अक्षर मामाचं:

'घड्याळजीचे दुकान. पूर्ण काढले. चित्रपट शेपटीचा होत आहे.'

ताईंनी चित्राची गुंडाळी दिव्यावर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची एक मुलगी घड्याळांमध्ये उभी होती. ताईंचे केस आता तसेच आहेत. हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी कडेचा आकडा वाचायला घेतला. रिळातला शेवटचा आकडा आणि गुंडाळीतला पहिला, दोन्ही तंतोतंत जुळत होते. मध्ये एकच चौकट कमी होती. तेवढी एक सांध्यात खर्च होते. बाकी सगळं होतं. दोनशे चौऱ्याऐंशी फूट, तीन मिनिटं नऊ सेकंद.

त्यांनी झाकण लावलं, हातमोजे काढून घडी घातली आणि विभागप्रमुख बाईंना फोन करून दोन तासांची रजा मागितली. एकतीस वर्षांत कामाच्या दिवशी पहिल्यांदा.

मामा सत्त्याऐंशी वर्षांचा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहतो. गुरुवारी ताईंची अर्धी सुट्टी असते; दर गुरुवारी चार ते सहा त्या त्याच्याकडे जातात, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरतात, नखं कापतात, रमीचे तीन डाव हरतात. दार उघडल्यावर मामाने आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"आज गुरुवार?"

"बुधवार."

"मग कोण गेलं?"

"कोणी नाही. घड्याळजीचं दुकान सापडलं."

मामा खुर्चीपर्यंत चालत गेला आणि बसला. "फिल्म आकसलीय का?"

"शून्य पूर्णांक आठ टक्के."

"मग चांगलं आहे की." एवढं बोलून झाल्यावर, जळालेल्या तुकड्याबद्दल आपण काय बोललो ते त्याला कळलं.

"चिठ्ठी पण आहे," ताई म्हणाल्या. "तुझ्या हातची. निर्मात्याने सांगितलं होतं का काढायला?"

"त्यांना सांगावं लागलं नाही. ट्रायलला सातजण बसलो होतो. तुझा तुकडा लागला आणि त्यांची बायको म्हणाली, ही दुसरी कोण? एवढंच. मी काय ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, लांबतंय, काढू या. नाहीतर पुढची तीन चित्रं झालीच नसती."

"तुला मिळाली नसती."

"झालीच नसती," मामा म्हणाला. मग, "मलाही मिळाली नसती, बरं."

"आणि हाताची पट्टी?"

"पट्टी खरी होती. पात्याने कापलं होतं."

"मला कापताना?"

मामाने टेबलावरचे पत्ते सारखे केले. "तू जेवत नव्हतीस. तुझी आई रडत होती. काहीतरी सांगणं भाग होतं."

"आधी सांगायचं होतंस. तेहतीस पास दिलेस, मामा. मोजून. वर्गाला घेऊन जा म्हणालास."

"मला वाटलं, एवढ्या गर्दीत लक्षात येणार नाही."

"कोणाच्या? मी पडद्यावर नाही हे माझ्या लक्षात येणार नाही?"

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. ताई उभ्याच होत्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे त्यांना या खोलीत कळत होतं. कापणाऱ्याने नंतर एकावन्न वर्षं माया केली होती, आणि ती मायाही खोटी नव्हती. तीच मोठी पंचाईत होती. शाळेच्या सहलीला दोनदा तो स्वतः आला होता. ताई जळालेल्या तुकड्याची गोष्ट सांगत असताना शेजारी बसून मान हलवत होता.

"शेपटे, एक ऐक."

"शेपटे म्हणू नकोस."

"बरं. ऐक तर. पुढच्या महिन्यात चारही चित्रं दाखवणार आहेत. मला स्टेजवर बसवणार, शाल घालणार. त्या वेळचा आता मी एकटाच उरलोय. तुझ्या तपासणीच्या कागदावर एवढंच लिही की तुकडा सापडला. कुणी काढला, का काढला, कशाला? आणि चिठ्ठीचं काय, असली-नसली. पन्नास वर्षांत कागद हरवतातच."

"माझ्याकडून अजून एकही हरवलेला नाही."

"मी शिकवलं तुला हे काम."

"हो," ताई म्हणाल्या. "सांध्यावरूनच तर कळलं."

मग त्यांनी कपाटातून गोळ्यांची सात कप्प्यांची डबी काढली. आजची गोळी अजून कप्प्यात होती. ती पाण्याबरोबर त्याच्या हातात दिली. उरलेले सहा कप्पे आणि आजचा, असे सातही भरले, उद्यापासून पुढच्या बुधवारपर्यंत. मामा बघत होता.

"हे उद्या करतेस ना तू?"

ताईंनी डबी बंद केली, पत्त्यांशेजारी ठेवली आणि दार ओढून घेतलं.

परतल्यावर ताईंनी डबा सापडल्याचं वर कळवलं होतं. पाच वाजून पाच मिनिटांनी विभागप्रमुख बाई तपासणीच्या खोलीत आल्या. हातात माहितीपुस्तिका, ताजी, शाईचा वास येणारी.

"ताई, हे छापून झालंय हो. पान सात. 'घड्याळजीच्या दुकानाचा प्रसंग लॅबमधल्या आगीत नष्ट झाला.' खाली तुमच्या मामांचा फोटो. दोन हजार प्रती आहेत."

"पान सात चुकीचं आहे."

"अहो, पण तुम्हीच सांगितलंत!"

"मीच सांगितलं. एकावन्न वर्षं सांगतेय."

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. त्या चांगल्या आहेत, आणि त्यांना आणखी एकोणतीस दिवसांत कार्यक्रम उभा करायचा आहे. "मामांना मी कळवू की तुम्ही? त्यांना धक्का बसायला नको."

"त्यांना माहीत आहे," ताई म्हणाल्या. "आमच्या सगळ्यांच्या आधीपासून."

"मग स्टेजवर त्यांना..."

"बसवा. संपादक म्हणून बसवा. ते होतेच. फक्त आग म्हणू नका."

बाईंनी पान सात पुन्हा वाचलं, जणू एव्हाना ते बदललं असेल. मग विचारलं, "प्रसंग परत आत घालायचा? तुम्ही म्हणाल तसं."

सकाळपासून सगळ्यांनी आपापलं मत सांगितलं होतं, चिठ्ठीनेसुद्धा. ताईंना विचारणाऱ्या या पहिल्याच.

"लोकांनी पाहिलं ते तसंच दाखवा," त्या म्हणाल्या. "मग दिवे लावू नका. नंतर हे दाखवा. वेगळं. पुढे लिहा, संपादकाने काढलेला भाग. एवढंच."

"आणि शेपटीचं काम कोणी केलं ते? मूळ नामावलीत शेपटीचं नावच नाही."

"ते लिहायचं की."

बाई गेल्यावर ताईंनी तपासणीचा कागद पुढे ओढला. तोच छापील नमुना, तेच रकाने. लांबी: दोनशे चौऱ्याऐंशी फूट. आकसण: शून्य पूर्णांक आठ टक्के. व्हिनेगरचा वास (फिल्म कुजू लागल्याची खूण): सौम्य. सांधे: अकरा, सर्व शाबूत. जळाल्याच्या खुणा: नाहीत. शेरा या रकान्यात त्यांनी मामाची चिठ्ठी शब्दशः उतरवून घेतली, शेवटच्या वाक्यासकट. ते लिहिताना त्यांचा हात जरा रेंगाळला. त्यांच्या कामाबद्दल कोणीही लिहिलेलं एवढं चांगलं वाक्य त्यांनी याआधी वाचलं नव्हतं. मूळ चिठ्ठी त्यांनी पारदर्शक पिशवीत घातली, पिशवीवर आणि डब्यावर एकच नंबर टाकला: पाच-ब.

स्कॅनरच्या खोलीबाहेर वेळांचा फळा आहे. या आठवड्यात दोनच जागा रिकाम्या होत्या, शुक्रवारी दहा ते बारा आणि गुरुवारी चार ते सहा. ताईंनी खडू घेतला. उद्या, गुरुवारी, दुपारी चार ते सहा या वेळेत डबा पाच-ब स्कॅनरवर आहे, आणि चालवणाऱ्याच्या नावापुढे सांधेताईंची सही आहे.