नॅटच्या नाकावरचं बोट

भवानी पेठेतला शहाजी काटकर कवळ्या बनवतो. तो डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, दात घडवतो शहाजी. खोलीत एका बाजूला प्लॅस्टरच्या हिरड्या रांगेने वाळत असतात आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात विमानं उभी असतात. डाकोटा आहे, हंटर आहे, कॅनबेरा आहे, जुन्या काळची पंख्यांची प्रवासी विमानंही आहेत. सगळी प्लॅस्टिकची, तळहातात मावतील एवढी. खोक्यातून सुटे भाग येतात, ते चौकटीतून कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. बाजारातून आयतं आणलेलं खेळणं ते नव्हे, आणि कुणी तसं म्हटलं की शहाजीचा चेहरा आंबट होतो.

हात चांगला होता, यात वाद नाही. पण चांगला हात असलेल्या माणसाला एक खोड असते, तशी त्यालाही होती. दुसऱ्याचं काम बघवत नसे. फोनवर विमानं बनवणाऱ्यांचा एक ग्रुप होता, पुण्या-नाशकापासून बंगळूरपर्यंतचे लोक त्यात. कुणाचा सांधा दिसला, कुणाचा रंग ओघळला की हे सगळे तुटून पडत. शहाजी त्यात पुढे असे.

नवरात्राच्या आधी घरोघरी धुणं-पुसणं निघतं, त्या दिवसांत सुंदरम्मा येमूल त्याच्याकडे आली. विणकरांच्या घरातली, सत्तरीच्या पुढची बाई. मागे शहाजीने तिची तडकलेली कवळी सांधून दिली होती, तेव्हा तिने ते कपाट पाहिलं होतं. या वेळी पदराखालून तिने एक विमान काढलं. झाडताना सुनेच्या हातून पडून त्याचं एक चाक मोडलं होतं.

ते नॅट होतं. छोटंसं लढाऊ विमान. तिचा नवरा अंबादास माग सोडून हवाई दलात गेला, फिटर झाला आणि नोकरीभर नॅटची इंजिनं उघडत-मिटत राहिला. कुणा साहेबाने बाहेरून आणलेलं खोकं त्याला दिलं, ते त्याने सुट्टीत घरी बसून जोडलं. गोंद बाहेर आलेला, रंग दुकानाच्या शटरला मारतात तो चंदेरी. गेल्या कार्तिकात अंबादास गेला.

"एवढं चाक चिकटवून द्या, भाऊ," सुंदरम्मा म्हणाली. "खंडेनवमीच्या आत पायजे. बाकी कुटं हात लावू नका."

हे तिने स्पष्ट सांगितलं होतं. शहाजीने ते ऐकलंही होतं. पण त्याला वाटलं, बाई भिडेपोटी म्हणते आहे, आपल्याला जास्त त्रास नको म्हणून. माणसाला जे करायचंच असतं त्याला सोयीचा अर्थ तो लावून घेतो.

चाक चिकटवायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. मग त्याने विमान दिव्याखाली धरलं आणि त्याला राहवेना. नाकावर तर काहीतरी पिवळं-लाल थरावर थर साचून खपली धरलेली, वर बोट दाबल्याचा ठसा. त्याने जवळून फोटो काढला, त्या ठशाभोवती लाल गोल काढला, खाली लिहिलं, 'फिटरसाहेबांचं पेंटकाम. हसू नका,' आणि ग्रुपवर टाकला. हसून रडणारे चेहरे धडाधड आले. कुणी विचारलं, हे विमान आहे की भाजी? शहाजीनेही हसरा चेहरा टाकला.

मग कवळ्या धुण्याचं थरथरणारं यंत्र असतं, त्यात त्याने नॅट बुडवलं. खपली विरघळली, पाणी पिवळं झालं, ते मोरीत गेलं. जुना रंग उतरवला, सांधे भरले, पिवळट पडलेली काच कवळीच्या पॉलिशने चकचकीत केली. हवेच्या फवाऱ्याने नवा चंदेरी रंग, पाण्यात भिजवून विमानावर सरकवायची हवाई दलाची तिरंगी चक्रं, वरून काचेसारखं वॉर्निश. बायको यशोदा जेवायला हाक मारून थकली. कपाटातल्या कुठल्याही विमानापेक्षा ते सुरेख झालं होतं.

अष्टमीला तो स्वतः ते घेऊन सुंदरम्माच्या घरी गेला. कौतुक ऐकायलाच गेला होता, दुसरं काय. सून म्हणाली, "अत्तम्मा, नवंच वाटतंय की." मुलगा गुरु मागावरून उठून आला, त्याने बघितलं आणि आईकडे पाहिलं. सुंदरम्माने विमान हातात घेतलं, फिरवलं आणि नाकावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"लई चांगलं झालंय," ती म्हणाली. मग विचारलं, "ह्यांचं बोट कुटं गेलं?"

शहाजीला कळेना. गुरुने सांगितलं तेव्हा कळलं. नोकरीत असताना खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की अंबादास हळदी-कुंकवाचं पहिलं बोट विमानाच्या नाकाला लावायचा. रिटायर झाल्यावर या छोट्या नॅटला लावू लागला. दरवर्षी जुन्यावर नवं. पुसायचं नाही असा त्याचा दंडक होता. त्याच्या बोटाचं टोक कधीकाळी स्पॅनरखाली चेचलेलं, त्यामुळे ठशात मधोमध एक खाच उमटायची. सगळ्यांत वरचं बोट मागच्या खंडेनवमीचं.

कुणी ओरडलं नाही. सुंदरम्माने सुनेला चहा टाकायला सांगितला. तो चहा शहाजीने कसा प्यायला ते त्याचं त्याला माहीत.

घरी येऊन त्याने यशोदाला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला नाही की काही नाही, नुसतं कवळ्या घासायच्या मशीनकडे बोट केलं. "त्याला दरवर्षी काय लावता तुमी? शेंदूर की जाम?"

मशीनच्या लोखंडी अंगावर वर्षानुवर्षांची तशीच पिवळी-लाल खपली होती. त्याने स्वतः लावलेली. तीही तो कधी पुसत नसे. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याला दुसऱ्याच्या विमानावर घाण दिसली होती. हे कळल्यावर त्याला कुणाच्या तोंडाचं माप हातात घ्यावंसं वाटेना.

आणि मग त्याला फोटो आठवला. मूळ फोटोवरच त्याने गोल काढून, ओळ लिहून तो जतन केला होता. बिनगोलाचा कुठेच नव्हता. अंबादासचं बोट जगात आता एवढ्याच ठिकाणी उरलं होतं, त्याच्या फोनमध्ये, त्याच्या थट्टेच्या आत. खालची ओळ कापता येत होती, पण गोल बरोबर ठशाच्या कडेवरून गेलेला. तो कापावा तर बोटच कापलं जात होतं. ओळ कापून द्यावी आणि गोल खूण म्हणून काढला होता असं सांगावं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. फोटो द्यायचाच नाही, हे तर दोनदा आलं. कुणाला कळणार होतं?

यशोदाने एवढंच विचारलं की, फोटो असून दिला नाही तर पुढच्या वेळी ती कवळी घेऊन आली की तिच्या तोंडाकडे कसा बघणार? त्याने गोलासकट, ओळीसकट फोटो छापून आणला.

खंडेनवमीला येमूलांच्या घरी मागाला झेंडूची माळ घातली होती. मागाचे धोटे, कात्री, बोल्ट आवळायचे पाने पाटावर मांडले होते आणि मधोमध नॅट. शहाजीने दारातूनच फोटो पुढे केला. सुंदरम्माने तो डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. ठसा तिने लगेच ओळखला, खाचेवर नख टेकवलं. मग खालची ओळ वाचायला गुरुकडे दिला.

गुरुने आधी मनात वाचली. शहाजीकडे न बघता मग मोठ्याने वाचली, कारण आई थांबली होती.

"हसले का लोकं?" सुंदरम्माने शहाजीला विचारलं.

"हसले, अम्मा."

"आन् तुमी?"

"मीबी हसलो."

तिने मान हलवली. हिशेब लागला की हलवतात तशी. फोटो नॅटच्या पुढ्यात टेकवून ठेवला. आधी मागाला बोट लावलं, मग धोट्यांना, मग फोटोतल्या बोटावर बोट ठेवलं. विमानापाशी येऊन ती थांबली आणि तबक शहाजीपुढे केलं.

"हितं तुमी लावा. पुसलंय तुमीच."

शहाजीने ओल्या हळदीत बोट बुडवलं. आपल्या घरी कितीदा तरी केलेलं काम होतं. त्याने नाकावर बोट टेकवलं. वॉर्निश इतकं गुळगुळीत होतं की हळद ठरेना. थेंब होऊन खाली घरंगळली. कुंकू लावलं, तेही तिच्या मागे ओघळलं. नाक पुन्हा लखलखीत.

"धरत न्हाई," सुंदरम्मा म्हणाली. टोमणा नव्हता तो, जे दिसत होतं ते सांगत होती. तरी शहाजीची मान खाली गेली.

त्याने खिशात हात घातला. बारीक पॉलिश पेपरचा तुकडा त्याच्या खिशात नेहमी असतो. विमान मांडीवर घेऊन तो खाली बसला आणि आपणच चढवलेल्या त्या काचेसारख्या वॉर्निशवर त्याने पेपर चालवायला सुरुवात केली. चकाकी गेली, नाक पांढरट पडलं, एका कडेला चंदेरी रंगही निघाला. ग्रुपवर कुणी असं केलं असतं तर त्याने काय लिहिलं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो घासत राहिला. चहा टाकायला आत निघालेली सून दारातच थांबून बघत होती.

मग त्याने पुन्हा बोट लावलं. हळद धरली. ठसा उमटला, सरळ, गोल, खाच नसलेला.

सुंदरम्माने वाकून पाहिला.

"तुमचंच दिसतंय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. आता पुसू नका."