बंद कर म्हणेपर्यंत

जगात कोणी कोणाला काही फुकट देत नाही, असं म्हणणाऱ्यांनी माझ्या मामसासऱ्यांना पाहिलेलं नाही. लाखनीत हायवेलगत त्यांचं घर आणि घरात सदैव चालू असलेला कॉम्प्युटर. त्यांना टॉरेंटचं वेड होतं. एक फाइल अनेकांच्या यंत्रांवर असावी, नव्या माणसाने ती सगळ्यांकडून तुकड्या-तुकड्यांनी घ्यावी आणि मग आपलं यंत्र पुढच्यासाठी चालू ठेवावं, हा त्यांचा धर्म. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर पंखा बंद आणि कॉम्प्युटर चालू. आम्ही घामाने निथळत बसलो की म्हणत, "जवाईबापू, आपलं झालं म्हणून बंद कराचं का? तिकडं कोनाचं आधंच आलं असन ना." तिकडं म्हणजे कुठे, हे त्यांनाही माहीत नसे. एकदा त्यांनी टाकलेली दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, फाइल ब्राझीलमधल्या कोणीतरी घेतली, तर मामाजींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

हेच तत्त्व ते घरातही लावत. "एका जागी ठेवलं तं एका जागीच बुडते," म्हणून त्यांनी स्वतःच्या लग्नाचा अल्बम सोडवून पानं नातेवाइकांत वाटली होती. त्यामुळे नवरदेव कारध्याला, नवरी एकोडीला आणि मंगलाष्टकं आमच्याकडे. पूर्ण लग्न पाहायचं तर दोन दिवस एसटीने फिरावं लागे. मामी कपाळाला हात लावत, पण पाहुण्यांना हौसेने मार्ग सांगत.

मामी भाताच्या रोवण्याची गाणी फार गोड म्हणत. त्यांचं एक गाणं मामाजींनी रेकॉर्ड केलं, सगळ्या नातेवाइकांच्या कॉम्प्युटरवर घातलं आणि बंद करू नका म्हणून बजावलं. पुढे मामी गेल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात वीज पडली आणि मामाजींचा कॉम्प्युटर जळाला. नवा आणला, पण गाणं कोणाकडेच सापडेना. कोणी यंत्र भंगारात दिलेलं, कोणी जागा होत नाही म्हणून गाणं उडवलेलं. मामाजी रिकाम्या पडद्यासमोर बसून राहत. मला ते बघवत नसे.

राहिला होता फक्त त्यांचा एकोडीचा धाकटा भाऊ. त्याच्याशी मामाजींचा अबोला होता, भाचीच्या लग्नात पहिल्या पंगतीला कोणाला बसवायचं यावरून. शेवटी मीच गेलो. ओसरीच्या कोपऱ्यात, दुपट्ट्याखाली, कॉम्प्युटर घरघरत होता. इंटरनेटची तार उंदरांनी केव्हाच कुरतडलेली. म्हणजे इतकी वर्षं तो कोणालाच काही देत नव्हता. मी विचारलं, "मग चालू कशाला?"

"दादानं सांगतलं होतं, मी बंद कर म्हनत नाही तोवर चालू ठेवजो. मंग आमचं बोलनंच बंद झालं. आता बंद कर म्हनन कोन?"

गाणं त्यात होतं. पेन ड्राइव्हवर आणून देतो, असं मी मामाजींना फोनवर म्हणालो. ते म्हणाले, "नाही जवाईबापू. बंद कर म्हनायले मलेच जा लागन."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. दोघे भाऊ पडद्यासमोर बसले आणि मामी गात राहिल्या. संपलं की धाकटा न विचारता पुन्हा लावी. डोळे दोघेही पुसत होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते. निघताना मी 'बंद कर' म्हणायची आठवण करून दिली, तर मामाजी चपला शोधत म्हणाले, "राहू दे चालू."