बंपरची डावी बाजू

आमची गाडी अकरा वर्षांची. घेताना साधं मॉडेल घेतलं, त्यामुळे बंपर, चाकांवरच्या कमानी, आरशांची कव्हरं आणि दारांवरच्या पट्ट्या नुसत्या काळ्या प्लॅस्टिकच्या होत्या. केडगावच्या आमच्या घराला पोर्च नाही, गाडी बारा महिने उन्हात उभी. चार-पाच उन्हाळ्यांत ते काळं विटलं, मग राखेच्या रंगाचं झालं, आणि काचांखालची रबरंही पांढुरकी पडली. मला त्याचं काही वाटत नव्हतं. इंजिन ठणठणीत होतं.

वाटायला लागलं ते मुलामुळे. तो पुण्याला असतो. दिवाळीत आला, गाडीकडे बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, गाडी म्हातारी झाली, विकून टाकू. आणि आई, तूही आता चालवणं बंद कर. मी पासष्टची. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि पन्नाशीला टेकल्यावर हट्टाने गाडी शिकले. म्हातारं कोणाला म्हणतोय ते न कळायला मी काही बावळट नाही. मी त्याला म्हटलं, गाडीवर एक ओरखडा दाखव आणि आत्ताच्या आत्ता किल्ली घेऊन जा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. त्या राखाडी रंगात त्याला काही सापडलं नाही. पुढच्या खेपेला ठरवू, म्हणाला.

गाडी गेली असती तर माझं काय गेलं असतं, ते सांगते. दर शनिवारी आम्ही दोघं खर्ड्याला जायचो, यांच्या शेतावर. यांना गाडी येत नाही. शिकायला गेले होते, तिसऱ्या दिवशी हात जोडून परत आले. त्यामुळे स्टिअरिंग माझ्याकडे, हे डावीकडे. घरात साधे पडदे बदलायचे तर चार जणांची चार मतं. जामखेड रोडला लागलं की मत एकच, माझं. तेवढे दोन-अडीच तास मी फार खुशीत असायचे.

हे मात्र सारखे टोकायचे. उसाची ट्रॉली दिसली, जरा उजवीला घे. पुलाचा कठडा आला, जरा उजवीला घे. समोर रस्ता मोकळा असला तरी तेच. राग माझ्या नाकावर असतो. दोन वर्षांपूर्वी एकदा मी गाडी कडेला थांबवली आणि सुनावलं, गाडी मी चालवते, तुम्ही तोंड बंद ठेवा. त्यांनी ठेवलं. त्या दिवसापासून गाडीत शांतता झाली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मुलगा रविवारी येणार असा फोन आला, तशी मी पदर खोचला. पूर्वी एकदा मी या प्लॅस्टिकला खोबरेल तेल चोपडलं होतं. घरातून निघताना काळंकुळकुळीत आणि खर्ड्यात पोचेपर्यंत धुळीत घोळलेलं. म्हणून या वेळी पुणे रोडवरच्या सीट कव्हरवाल्या चाचांकडे गेले. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. त्यांनी एक बाटली दिली आणि रीत सांगितली. आधी साबणाने आणि ब्रशने घासायचं, पूर्ण सुकू द्यायचं, मग सावलीत स्पंजने पातळ हात द्यायचा. वर म्हणाले, बाई, रंग तेवढा परत येतो, घासटलेलं भरून येत नाही. मी म्हटलं, माझ्या गाडीला घासटलेलं काही नाहीच.

हे दोनदा म्हणाले, राहू दे की, कशाला उजळत बसतेस. मला वाटलं, बादल्या भरून द्याव्या लागतील म्हणून अंग चोरतायत.

शुक्रवारी सावली आल्यावर उजव्या बाजूने सुरुवात केली. स्पंज फिरला की मागे काळा पट्टा उमटायचा, आणि तो बघून मी एकटीच हसत होते. उजवी बाजू झाली, मागचा बंपर झाला. मग डावीकडे आले. कोपऱ्यावर हात दिला आणि पांढऱ्या रेघा उठून दिसल्या. बाटली नीट हलवली नसेल म्हणून दुसरा हात दिला. रेघा तशाच. चाकावरच्या कमानीवर रेघा, दाराच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरशाच्या कव्हरचा टवका उडालेला. एका रेघेत हिरवा रंग होता. आमचं फाटक हिरवं आहे. मी मोजल्या, सतरा. उजवीकडे एकही नव्हती.

हे बादली घेऊन मागे उभे होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच म्हणाली हुतीस, तोंड बंद ठेवा."

चिडून नाही म्हणाले. विचारलं म्हणून सांगितलं. मी त्या दाराकडे बघत राहिले. त्या पट्टीच्या आत वीतभर अंतरावर यांचे गुडघे असायचे. कठडे, ट्रॉल्या, फाटक, सगळं त्यांच्या अंगावरून गेलं होतं, आणि तरी दर शनिवारी ते तिथेच येऊन बसत होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. थोड्या वेळाने हेच म्हणाले, वरून थोडी माती लावू, दिसायचं न्हाई. मोह झाला, नाही असं नाही.

शनिवारी खर्ड्याऐवजी रिक्षाने डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. एका यंत्रात डोकं घालायचं आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. माझ्या मते मी भराभर दाबत होते. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. डावीकडची नजर बरीच गेली, ती परत येणार नाही. उरलेली थेंबांनी राखू. गाडीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मी ऐकण्याआधीच ठरवलं होतं.

रविवारी मुलगा आला. गाडीची डावी बाजू भिंतीकडे होती. फाटकातूनच म्हणाला, वा आई, नवीच दिसते की, राहू दे मग, कशाला विकायची. हे खाली बघत होते. मी मुलाचं मनगट धरलं आणि त्याला भिंतीच्या बाजूला नेलं.

"एक दाखव म्हणाले होते ना. सतरा आहेत," मी म्हटलं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

आता खर्ड्याला एसटीने जातो. स्टँडपासून शेतापर्यंत पायी. हे माझ्या डाव्या हाताला चालतात. मधेच म्हणतात, जरा उजवीला घे. मी घेते.