रापणीचा वाटा

कोळ्यांच्या गावात सव्वा महिना राहून मासा न चाखता परत आलेला मालवणी माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मग मला बघून घ्या. ही गोष्ट सांगायला लागलो की आजही माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, इतकी वर्षं झाली, सोड आता. नाही सोडत.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी मरोळच्या इस्टेटमध्ये बर्फाची मशीनं बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होतो. आमचं एक मशीन वेस्ट इंडीजच्या एका बेटावर विकलं गेलं, तिथल्या एका लहानशा कोळीगावासाठी. ते बसवून, चालू करून द्यायला कुणाला तरी जायचं होतं. मोठ्या साहेबांना मधुमेह, दुसऱ्याची बायको बाळंतीण. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "अरे यार, तुझी तर मजा आहे. फॉरेन, वर समुद्रकिनारा. पंधरा दिवसांचं काम. झकास ना?"

भांडुपला चाळीत ही बातमी सांगितली तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो माशांचा. आई मूळची मालवणजवळच्या किनाऱ्यावरची. लहानपणी तिच्या घरासमोर रापण लागायची. रापण म्हणजे समुद्रात अर्धगोल टाकलेलं भलंमोठं जाळं. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभं राहून माणसं ओढतात. ज्याचा हात दोराला लागला त्याला माशांचा वाटा मिळतो, मग तो कुणीही असो. भांडुपच्या बाजारातल्या माशाला आई आयुष्यभर नाकं मुरडत आली. "बर्फातलो मासो म्हणजे मढां," ती म्हणायची, "आणि माझो झील त्या मढ्यांका बर्फ पुरवता."

निघायच्या आदल्या दिवशी ती बॅगेजवळ येऊन बसली. "रापणीतलो मासो खाऊन किती वर्सां झाली माका. आता काय माझ्याच्यान गावाक जावक होणा नाय. तू थय खा, आणि कसो लागता तां माका येऊन सांग."

"सांगतो."

"पण श्रावण पाळ हां. गणपती पाण्यात जाईपर्यंत तोंडाक लावू नको."

या दोन वाक्यांत माझी वाट लागली. ते मला तेव्हा कळलं नाही.

तीन विमानं बदलून आणि एका टेम्पोत हाडं खिळखिळी करून घेऊन मी त्या गावी पोचलो. एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी, मधे पत्र्याच्या छपरांची साठेक घरं आणि रंगीत होड्या. हॉटेल वगैरे काही नव्हतं. माझी राहायची सोय एका बाईंच्या घरी केली होती. बाई साठीच्या, आपल्याकडच्या वंशाच्या. त्यांची आजी बिहारकडून उसाच्या मळ्यात कामाला म्हणून बोटीने आलेली. आजीला त्या आजीच म्हणत, एवढा एक शब्द ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. त्यांच्या घरात नवरा, सून आणि दोन नातवंडं होती. मुलगा शहरात कामाला होता.

माझ्या स्वागताला त्यांनी अंगणात टेबल मांडलं होतं. मधोमध सुरमईच्या सख्ख्या बहिणीसारखा दिसणारा एक मासा आख्खा भाजून ठेवलेला. लिंबाचा आणि मिरचीचा वास सुटलेला. सगळं गाव कुंपणाला टेकून बघत होतं. आणि पंचांगाप्रमाणे श्रावणाचे अजून बारा-पंधरा दिवस उरले होते.

मी हात जोडले आणि माझ्या मरोळी इंग्रजीत म्हटलं, मी मासा खात नाही, धर्म आहे. ‘सध्या’ हा शब्द घालायचा राहिला. खरं सांगायचं तर घातलाही असेल, पण त्या गडबडीत तो कुणाच्या कानावर पडला नाही. बाईंचे डोळे भरून आले. त्या सुनेला म्हणाल्या, "बघ, माझी आजी सांगायची तसा खरा हिंदू." तो मासा माझ्यासमोरून उचलून नेला. कुठे नेला ते मी मान वळवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शहरातून माझ्यासाठी नवं भांडं आणवलं. त्यात मासा कधी शिजला नव्हता, शिजणारही नव्हता. त्या दिवसापासून मला भोपळ्याची भाजी, वरण आणि पोळी. कधी वांगं. मग परत भोपळा. भाजीला ते लोक तरकारी म्हणत आणि बाईंच्या हाताला चव होती, हे मी नाकारत नाही. पण माणूस किती भोपळा खाईल?

इकडे मशीननेही माझा अंत पाहिला. त्यांची वीज आपल्यापेक्षा वेगळी. मोटर आपल्याकडच्यापेक्षा जोरात पळायला लागली, तिच्यामागे कॉम्प्रेसरही पळायला लागला आणि तापून बंद पडू लागला. त्याला दुसऱ्या मापाची पुली हवी होती. मरोळहून निघताना हे कुणी तपासायला हवं होतं? मी नाही, डिझाइनवाल्याने. पुली मागवली, ती येईना. पोस्टात गावकऱ्यांची ओळख होती, त्यामुळे मला रोज फक्त एवढंच कळायचं की ती आज आलेली नाही. पंधरा दिवस उलटले. श्रावण संपला. गणपतीच्या दिवशी मी पाकिटातल्या तसबिरीला जास्वंदीचं फूल वाहिलं आणि गुळाचा खडा ठेवला. दीड दिवसाने तसबीर परत पाकिटात घातली, हात धुतले आणि स्वयंपाकघरात गेलो.

"बाई, आता मी मासा खाऊ शकतो," मी म्हटलं.

बाई हसल्या. "बेटा, तू आमच्यासाठी म्हणतोयस. कळतं मला."

"तसं नाही. आमच्यात एक महिना असतो, त्यात खात नाहीत. तो संपला."

"पूर्वी तुमच्याकडून एक महाराज आले होते प्रवचनाला. तेही असेच भिडेपोटी म्हणाले, सगळं खातो. खाल्लं आणि दोन दिवस आजारी पडले. नको रे बाबा." असं म्हणून त्यांनी भोपळा चिरायला घेतला.

जेवढं जास्त सांगावं तेवढा मी जास्त थोर ठरत होतो.

गावात एकच दुकान होतं. एका दुपारी मी तिथे गेलो आणि फळीवरच्या डबाबंद माशाकडे बोट दाखवलं. समोर समुद्र, आणि मी डब्यातला मासा मागतोय, तोही मशीनच्या खोलीत लपून खायला. पण माझी वेळच तशी आली होती. दुकानदारीणबाईंनी डबा हातात घेतला, उलटा करून वाचला आणि परत फळीवर ठेवला. "यात मासा आहे हं, इंजिनिअर," त्या काळजीने म्हणाल्या आणि माझ्यासमोर बिस्किटांचा पुडा ठेवला. मी बिस्किटं घेतली. बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेच्या दगडाला लाथ मारली. लागलं ते मलाच.

रोज सकाळी किनाऱ्यावर शंख फुंकला जायचा. आमच्याकडे पूजेला फुंकतात तसलाच, फक्त मोठा. शंख वाजला की जाळं ओढायला हात हवेत, असा निरोप. आणि काय सांगू, ती रापणच होती! तेच अर्धगोल जाळं, तेच दोन दोर, तीच तिरकी पावलं टाकत मागे सरकणारी माणसं. वाट्याची रीतही तीच. दोराला हात लागला की वाटा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आई आठवली. पुढच्याच क्षणी मी दोर धरायला धावलो.

जाळ्याचा म्होरक्या एक उंच, काळा म्हातारा होता. त्याने माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. "तू नाही. दोराने हात सोलवटला तर मशीन कोण करणार? आम्हाला बर्फ हवाय." सगळे हसले. क्रिकेटवरून ते मला रोज चिडवायचे, पण दोराला हात मात्र लावू द्यायचे नाहीत. रोज शंख वाजायचा, रोज मी वाळूत उभा राहून बघायचो, रोज वाटे पडायचे. घरातल्या बाईंचा नवरा वाटा घ्यायचा आणि किनाऱ्यावरच्या झोपडीकडे जायचा. संध्याकाळी घराच्या नळावर तो लिंबाच्या फोडीने हात, बोटं, अगदी मिशासुद्धा घासत बसायचा. ही तिकडची रीत असेल, असं मला वाटायचं.

अखेर पुली आली. मशीन चालू झालं. पहिली लादी बाहेर पडली तेव्हा गाव नाचलं. बर्फाचे तुकडे एकमेकांच्या सदऱ्यात टाकून पोरंथोरं किंचाळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं, म्हणून त्या संध्याकाळी जाळं मुद्दाम पुन्हा टाकलं. म्होरक्याने स्वतः दोर माझ्या हातात दिला.

मी ओढला. तळहात सोलून निघाले, कंबर बोंबलली, पण मी ओढला. जाळं वाळूवर आलं. त्यात चांदीसारखे तडफडणारे मासे होते. वाटे पडले. एक वाटा म्होरक्याने माझ्या पायाशी ठेवला. मी कसा नाकारणार? रीत म्हणजे रीत. सहा मोठे मासे एका वेलीत ओवून मी घराकडे निघालो. मनात ठरवलं होतं, आज बाईंना सरळ सांगायचं: हे तळा, आणि मला वाढा. ऐकलं नाही तर स्वतः तळायचे.

बाईंचा नवरा माझ्याबरोबर चालत होता. त्याच्या पोटात थोडी रम होती, नाहीतर तो बोललाच नसता.

"बरं केलंस," तो वेलीकडे बघून म्हणाला. "बायकोला फार बरं वाटेल. सव्वा महिना झाला, घरात मासा शिजलेला नाही."

मी थांबलो. "म्हणजे?"

"तुझ्यासाठी. तुझ्या नाकाला वास नको, चुलीला विटाळ नको. मी झोपडीत भाजून खातो आणि लिंबाने हात घासून घरी येतो. सुनेची चालते थोडी कुरकुर. नातवंडांना मात्र माझी बायको म्हणते, पाहुण्याचं पुण्य आपल्याला लागेल. पोरं बिचारी रोज भोपळा खातात. मोठा नातू तर विचारतो, हा काका कधी जाणार?"

मला आधी राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. त्या बाईंचा, श्रावणाचा, डिझाइनवाल्याचा, सगळ्यांचा. मग दारात त्या बाई दिसल्या. माझ्या हातातले मासे बघून त्यांनी तोंडावर पदरासारखी ओढणी धरली.

"आमच्यासाठी ओढलंस?" त्या म्हणाल्या. "स्वतः खात नाहीस, तरी आमच्यासाठी दोर ओढलास?"

घरातून दोन्ही पोरं धावत आली. माशांकडे बघत होती, ते डोळे मी विसरत नाही. आता मी सांगायचं काय? की बाई, तुमचा सव्वा महिन्याचा उपास फुकट गेला? या पोरांनी उगाच भोपळा गिळला?

"हो," मी म्हटलं. "तुमच्यासाठी."

"मग आता तळ की," नवरा घाईने म्हणाला.

"हा जाईपर्यंत नाही," बाईंनी त्याला झापलं. "इतके दिवस पाळलं, एका रात्रीसाठी मोडू?" त्यांनी मासे नीट साफ केले आणि बर्फात ठेवले. माझ्या मशीनच्या बर्फात. मग मला जेवायला वाढलं. भोपळाच होता. मी दुसऱ्यांदाही घेतला, कारण बाई वाढत होत्या.

सकाळी टेम्पो आला. बाईंनी डोक्यावरून हात फिरवला. वाटेसाठी पोळी-भाजीचं पुडकं दिलं. नवऱ्याने हात मिळवला, त्याच्या हाताला अजून लिंबाचा वास होता. टेम्पो निघाला आणि वळणाशी पोचतो न पोचतो तोच मागून वारा आला. गरम तेल, लसूण, लिंबू आणि मासा. मी मान बाहेर काढून पाहिलं. घराच्या मागून धूर निघत होता आणि अंगणात आता एकही पोर नव्हतं. अहो, निदान टेम्पो दिसेनासा होईपर्यंत तरी थांबायचं!

सहार विमानतळावरून भांडुपला पोचेपर्यंत दुपार झाली. आई दारातच उभी होती. मी बॅग खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "खाल्लंस मां रे? कसो लागता थयलो मासो?"

"वास बरो येता," मी म्हटलं.

"आणि चव?"

मग मी तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि चिडत, ओरडत सगळं सांगितलं. शेजारची माणसं दारात येऊन हसत होती. आई हसली नाही. "मेल्या, तोंड नव्हता तुका?" असं एकदा म्हणाली, तेवढंच. मग तिने माझी बॅग ओढून आत घेतली. इतक्या दिवसांची तिची आशा मी रिकाम्या हाताने परत आणली होती आणि आता ती काय बोलेल याचीच मला भीती वाटत होती.

"त्या दिवशी पोरां पोटभर जेवली असतली मां रे?" तिने विचारलं.

"जेवली असतील," मी म्हटलं आणि चपला काढल्या.